या विटा कोणी थापल्या?

आम्ही बाळकुमच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. बाळकुम म्हणजे ठाण्याच्या अंगाला, खाडीकाठचं गाव. कशेळीचा पूल ओलांडला की पलीकडे भिवंडी तालुका लागतो. आता आमच्या गावाला गाव म्हणायचं की शहर, हे आमचं आम्हालाच कळत नाही. जुन्या पाड्यांच्या डोक्यावर वीस-वीस, तीस-तीस मजल्यांचे टॉवर उभे राहिलेत. पण आमची बैठक अजून जुन्या घराच्या ओटीवरच भरते.

आज आम्ही एका घराची गोष्ट सांगणार आहोत. घर विटांचं आहे, इंग्रजी पद्धतीचं आहे आणि आहे थेट लंडनमध्ये. तुम्ही म्हणाल, बाळकुमच्या बायांना लंडनच्या घराचं काय पडलंय? तर त्याचं असं झालं. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी आम्ही मुलींना बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या जागांची चित्रं लावायला सांगितली होती. महू, सातारा, परळची चाळ, दादरचं राजगृह, महाडचं तळं, नागपूरची दीक्षाभूमी. त्यात एका मुलीने लंडनच्या घराचा फोटो लावला. बाबासाहेब शिकायला होते तेव्हा ज्या घरात राहिले, ते घर.

आमच्या गटात एक आजी आहेत. त्यांची उमेदीची बरीच वर्षं वीटभट्टीवर गेली. सगळ्या बाया फोटो बघून ‘केवढं मोठं घर’, ‘किती सुंदर खिडक्या’ असं म्हणत होत्या. आजी मात्र फोटोच्या अगदी जवळ गेल्या, भिंतीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “एवढ्या इटा कोनी थापल्या असतील गं?”

कोणालाच उत्तर देता आलं नाही. घरात कोण राहिलं ते आम्हाला ठाऊक होतं. घर कोणी बांधलं, विटा कोणी केल्या, याचा विचार आमच्या मनातही आला नव्हता. मग आम्ही वाचायला लागलो, शाळेतल्या बाईंना विचारलं, गवंडीकाम करणाऱ्या भावांना विचारलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी घराचा पत्ता. दहा नंबर, किंग हेन्रीज रोड, लंडन. प्रिमरोझ हिल नावाची एक हिरवी टेकडी आहे, तिच्या जवळचा हा भाग. ही सगळी जमीन ईटन नावाच्या एका जुन्या शाळेच्या मालकीची होती. सहावा हेन्री या राजाने १४४० साली ती शाळा काढली, म्हणून रस्त्याला त्या राजाचं नाव. एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळापासून तिथे शेतं मोडून घरं उभी राहायला लागली. म्हणजे १८५३ साली बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली, साधारण त्या सुमाराची ही गोष्ट. आज आमच्या बाळकुमला जे होतंय, ते तेव्हा लंडनच्या कडेच्या गावांना होत होतं. शेत जातं, भूखंड पडतात, बिल्डर येतो.

घर चार मजली आहे, पण अघळपघळ नाही. सगळे मजले धरून सुमारे दोन हजार चौरस फूट. लंडनची अशी घरं ओळीने, एकमेकांना चिकटून बांधलेली असतात. रुंदीला कमी, उंचीला जास्त. आपल्याकडे चाळीत खोल्या शेजारी-शेजारी असतात, तिकडे खोल्या एकावर एक रचलेल्या असतात, असं समजा. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत, दोघांची सामाईक.

आता मुद्दा विटांचा. इंग्लंडमध्ये पूर्वी लाकडाची घरं पुष्कळ होती. लंडन शहर तर लाकडाचंच होतं. १६६६ सालच्या सप्टेंबरात एका बेकरीच्या भट्टीपासून आग लागली, ती चार-पाच दिवस जळत राहिली आणि तेरा हजारांहून जास्त घरं राख झाली. त्यानंतर १६६७ साली कायदा झाला की शहरात घर बांधायचं तर बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच हव्यात. सामाईक भिंत किती जाड असावी, हेही कायद्याने ठरवून दिलं. एका घरात आग लागली तर ती शेजारच्या घरात जाऊ नये, म्हणून ती विटेची जाड भिंत.

पुढे १७०९ साली आणखी एक नियम आला. खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या तोंडाशी बसवायची नाही, चार इंच आत घ्यायची. का? तर बाहेरून ज्वाळा आल्या तरी लाकूड चटकन पेटू नये. लंडनच्या जुन्या घराच्या खिडक्या भिंतीत खोल बसलेल्या दिसतात आणि त्यांच्याभोवती सावलीची एक चौकट पडते. बघणाऱ्याला वाटतं ही शोभा आहे. ती मुळात आगीची भीती आहे.

आता ती भिंत जवळून पाहू. तुमच्या गावात विटेचं काम चालू असेल तर गवंड्याला विचारा. वीट दोन प्रकारे ठेवता येते. एक, लांबीने, म्हणजे भिंतीच्या तोंडावर विटेची लांब बाजू दिसते. दुसरी, आडवी आत घालून, म्हणजे विटेचं फक्त डोकं दिसतं. सगळ्या विटा लांबीने ठेवल्या तर भिंतीचे दोन पदर वेगळे राहतात, भिंत फुगते. म्हणून मध्ये मध्ये वीट आडवी घालून दोन्ही पदर बांधून घ्यावे लागतात. शिवाय वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येता कामा नये. गवंडी याला सांधेमोड म्हणतात.

एक थर पूर्ण लांब विटांचा आणि त्यावरचा थर पूर्ण डोक्यांचा, या पद्धतीला जगभर ‘इंग्लिश बाँड’ म्हणतात. आपल्याकडच्या गवंड्यांनाही हा शब्द ठाऊक असतो. गंमत अशी की लंडनच्या घरांच्या दर्शनी भिंतीवर बहुतेक वेळा ही इंग्लिश पद्धत नसतेच. तिथे एकाच थरात एक लांब वीट, एक डोकं, पुन्हा एक लांब, पुन्हा एक डोकं अशी रचना असते. तिला ‘फ्लेमिश बाँड’ म्हणतात. ती दिसायला नाजूक. आमच्यातल्या एकीने फोटो पाहून सांगितलं, हे तर चटईच्या विणीसारखं आहे.

आपल्या घरांना पडवी असते, कौलं पुढे काढलेली असतात, कारण आपल्याला पाऊस आणि ऊन भिंतीपासून लांब ठेवायचं असतं. लंडनच्या घराला असं काही नसतं. तिकडे थंडी हा शत्रू. जाड भिंत, काचेच्या मोठ्या खिडक्या आणि जवळजवळ प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी. त्या सगळ्या शेगड्यांचा धूर भिंतीच्या पोटातल्या विटेच्या नळ्यांमधून वर जातो. म्हणून छपरावर धुराड्यांची रांग दिसते. भिंत नुसती आडोसा नाही, ती घराचं धुराडंही आहे.

आणि आता आत जाऊ. त्या काळच्या मध्यम सुखवस्तू घराची मांडणी ठरलेली असायची. सगळ्यात खाली, अर्धं जमिनीत गेलेलं तळघर. तिथे स्वयंपाकघर, धुणीभांडी, कोळसा. त्यावर जेवणाची खोली. त्यावर पाहुण्यांना बसवायची खोली, घरातली सगळ्यात छान. त्यावर झोपायच्या खोल्या. आणि अगदी वर, छपराखाली, उन्हाळ्यात तापणारी आणि हिवाळ्यात गोठणारी कामवाल्या मुलीची खोली. ती मुलगी दिवसभर तळघरातून कोळशाची बादली वर न्यायची आणि राख खाली आणायची. चार मजले वर, चार मजले खाली. घराची पुढची भिंत कितीही देखणी असली, तरी घर उभं असायचं तिच्या गुडघ्यांवर.

ही राख लक्षात ठेवा. कारण इथून आम्हाला आजींच्या प्रश्नाचं उत्तर सापडायला लागलं.

लंडनची जुनी वीट आपल्या विटेसारखी लालभडक नसते. ती पिवळसर, तपकिरी असते आणि तिच्यात बारीक काळे ठिपके असतात. तिला ‘लंडन स्टॉक’ म्हणतात. तिथल्या मातीत खडूची भुकटी मिसळत, त्यामुळे पिवळा रंग यायचा. आणि दुसरी गोष्ट मिसळत ती म्हणजे राख. कुठली राख? शहरातल्या घराघरांतल्या शेगड्यांची. गाड्या ती राख गोळा करून शहराच्या कडेच्या वखारीत नेऊन ओतायच्या. तिथे राखेचे डोंगर असायचे. आणि त्या डोंगरांवर कंबरेपर्यंत राखेत उभ्या राहून, हातात मोठी चाळणी घेऊन राख चाळणाऱ्या असायच्या बाया. चामड्याचे जाड एप्रन बांधलेल्या, डोक्यापासून पायापर्यंत राखेने माखलेल्या. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या कष्टकऱ्यांबद्दल लिहिलं, त्यात या बायांचं वर्णन आहे.

चाळून निघालेली बारीक राख विटेच्या मातीत जायची. चाळणीत उरलेले अर्धे जळलेले कोळसे भट्टीला लागायचे. कच्च्या विटा रचायच्या, मध्ये मध्ये कोळसा घालायचा, बाहेरून लिंपून घ्यायचं आणि पेटवून द्यायचं. मातीतली राखही आतून जळायची, म्हणून वीट एकसारखी भाजली जायची. त्या राखेतले न जळलेले कण म्हणजेच विटेवरचे काळे ठिपके.

हे वाचलं तेव्हा आजी जोरात हसल्या. म्हणाल्या, “आमीपन त्येच करतो की!” खरंच आहे. आपल्या भागात मातीत भाताचं तूस घालतात, कोळशाची भुकटी घालतात, राख घालतात. भट्टी रचायची पद्धतही तीच. जिल्हा बदलला, देश बदलला, शतक बदललं, पण मातीला आणि आगीला त्याचं काही नसतं. विटेचं मापही पाहा. तिकडची वीट साधारण नऊ इंच लांब, आपलीही तेवढीच. रुंदी अशी की एका हाताच्या पंज्यात मावेल. कारण दुसऱ्या हातात गवंड्याची थापी असते. विटेचं माप माणसाच्या हाताने ठरवलंय, मग तो हात लंडनचा असो की भिवंडीचा.

इंग्लंडच्या सरकारने १७८४ साली विटांवर कर बसवला होता. दर हजार विटांमागे कर. मग लोकांनी युक्ती काढली, विटाच मोठ्या करायच्या. हजारांत जास्त भिंत उभी राहते! सरकारने मग मोठ्या विटेला जास्त कर लावला. हा कर १८५० साली उठला. खिडक्यांवरही कर होता, तो १८५१ साली उठला. विटा स्वस्त, खिडक्या मोकळ्या. त्यानंतर लंडनमध्ये अशा रांगाच्या रांगा भराभर उभ्या राहिल्या.

पण विटा स्वस्त होत्या त्या कुणाच्या जिवावर? इंग्लंडमधल्या वीटभट्ट्यांवर अख्खी कुटुंबं राबायची. वीट थापणारा एक, आणि त्याच्या हाताखाली बायको, मुलं, मुली. जॉर्ज स्मिथ नावाचा एक माणूस १८३१ साली अशाच कुटुंबात जन्मला. नऊ वर्षांचा असताना तो डोक्यावर सुमारे १८ किलो मातीचा गोळा घेऊन मातीच्या ढिगापासून थापायच्या टेबलापर्यंत फेऱ्या मारायचा. दिवसाचे तेरा तास. मोठा झाल्यावर तो स्वतः भट्टीचा व्यवस्थापक झाला, पण ते ओझं विसरला नाही. वर्षानुवर्षं त्याने पत्रं लिहिली, सभांत बोलला, १८७१ साली भट्टीवरच्या मुलांवर पुस्तक छापलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कायदा झाला: दहा वर्षांखालचं कुठलंही मूल आणि सोळा वर्षांखालची मुलगी वीटभट्टीवर कामाला लावायची नाही. या सगळ्यात स्मिथची स्वतःची नोकरी मात्र गेली. भट्टीवाल्यांना तो नकोसा झाला.

म्हणजे आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. लंडनमधल्या त्या काळच्या विटांच्या भिंती राख चाळणाऱ्या बायांनी, डोक्यावर माती वाहणाऱ्या पोरांनी आणि चिखलात हात घालून वीट थापणाऱ्या कुटुंबांनी उभ्या केल्या. नाव एकाचंही कुठे नाही.

आपल्याकडे विटेच्या मधोमध जो खोलगट भाग असतो, त्यात अक्षरं उमटलेली असतात. आमच्यातल्या बऱ्याच जणींना लहानपणी वाटायचं की ते वीट करणाऱ्याचं नाव असेल. आजी म्हणाल्या, “नाय गं. त्ये शेटचं नाव.”

आता आपल्या भट्टीचं बोलू. भिवंडी, कल्याण, शहापूर, वसई, या सगळ्या भागात वीटभट्ट्या आहेत. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली शहरं वाढली, त्यात या विटांचा मोठा वाटा आहे. दिवाळी झाली की पाड्यांवरची कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा शेटकडून बयाणा घेतलेला असतो. तो फेडायला पुढचा हंगाम. मजुरी हजार विटांमागे ठरते. आणि काम कोण करतं? जोडी. नवरा माती मळतो, बाई गोळे देते, विटा वाळत घालते, उलटवते, डोक्यावरून भट्टीपर्यंत वाहते. मूल रडलं तर त्याला पाजते आणि पुन्हा कामाला लागते. पण हिशेबाच्या वहीत नाव एकाचंच, नवऱ्याचं. बाईचा हात त्या हजारात मिसळून जातो, त्या राखेसारखा.

आजींनी सांगितलं, एका हंगामाच्या शेवटी शेटने हिशेब केला आणि म्हणाला, तुमचाच बयाणा अजून बाकी आहे. सहा महिने राबून हातात काही नाही, वर देणं. “वाचता येत नव्हतं,” आजी म्हणाल्या. “मी रोजचे फेरे भिंतीवर कोळशाने रेघा मारून मोजले होते. पन रेघा कोन मानतो?”

आणि राहायला? भट्टीवर कच्च्या-तुटक्या विटांची, गवताची बुटकी झोपडी असते. तिला आपल्याकडे भोंगा म्हणतात. लाखो विटा करणाऱ्या माणसाला राहायला पक्की वीट नाही. ठाणे जिल्ह्यात १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांना नावच पडलं भोंगा शाळा. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या झोपडीपाशी न्यायची. त्या शाळांमुळे भट्टीवरची किती तरी मुलं पहिल्यांदा पाटीपेन्सिल धरायला शिकली.

आता पुन्हा त्या लंडनच्या घरात जाऊ. १९२१-२२ साली तिथे तिशीतला एक विद्यार्थी राहत होता. १९१६ साली तो एकदा लंडनला शिकायला आला होता, पण मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परत जावं लागलं. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० साली तो पुन्हा आला. सकाळी निघायचं, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढायचा, रात्री खोलीवर येऊन पुन्हा वाचायचं. खायला पुरेसं नसायचं. मुंबईहून आलेले पापड रात्री पत्र्याच्या तुकड्यावर भाजून आणि कपभर दुधावर तो भूक मारायचा, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी. हे सगळं त्या भाजलेल्या पापडांवर.

आणि त्याच वेळी इकडे रमाई परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत संसार ओढत होत्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यानंतर शहर सुधारायला एक ट्रस्ट नेमला गेला, त्याने या चाळी बांधल्या. ओळीने खोल्या, समोर सामाईक व्हरांडा, मजल्यावर सामाईक नळ आणि संडास. एक घर लंडनमधलं, एक परळमधलं. लंडनच्या घरावर आज निळी गोल पाटी आहे, त्यावर बाबासाहेबांचं नाव आहे. पण परळच्या दोन खोल्यांनी काटकसर केली नसती तर लंडनच्या खोलीतला दिवा किती दिवस जळला असता? आम्हाला वाटतं, त्या निळ्या पाटीत रमाईंचाही वाटा आहे.

बाबासाहेबांनाही घरं म्हणजे काय ते कळत होतं. पुढे १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. रमाईंनी अखेरचा श्वास त्याच घरात घेतला, २७ मे १९३५ ला.

लंडनमध्ये शिकलेली विद्या त्यांनी कुठे वापरली, हे आम्ही गटात वाचून काढलं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांना बाळंतपणाची रजा आणि पैसे मिळावेत म्हणून आलेल्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले. १९४२ ते १९४६ मध्ये ते देशाच्या सरकारात मजूरमंत्री होते. १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं, तो कायदा १९४८ साली झाला. आणि मग संविधान. त्यातलं कलम २३ वेठबिगारी आणि सक्तीच्या मजुरीला बंदी करतं. कलम २४ चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत आणि धोक्याच्या कामात लावायला बंदी करतं. १९७६ साली वेठबिगारी संपवण्याचा वेगळा कायदाही झाला. बयाण्याच्या नावाखाली माणूस बांधून ठेवणं हा आज गुन्हा आहे. विटांच्या घरात राहून शिकलेल्या माणसाने विटा थापणाऱ्यांसाठी काय ठेवलं, ते हे.

त्या घराचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. घर विकायला निघालं तेव्हा २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते ३० लाख पौंडांहून जास्त किंमत देऊन विकत घेतलं. म्हणजे तुमच्या-आमच्या पैशाने. तिथे स्मारक केलं. पण त्या गल्लीत घराचा वापर बदलायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी तक्रार केली. नगरपालिकेने २०१८ साली परवानगी नाकारली. त्यांचं म्हणणं, राहायच्या घरांची टंचाई असताना एक राहतं घर संग्रहालयाला का द्यायचं? त्यावर अपील झालं, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी स्मारकाला परवानगी दिली.

आमच्यात यावर वाद झाला. एक म्हणाली, शेजाऱ्यांनी कशाला आडवं यायचं? दुसरी म्हणाली, राहायला घर हवं हे काही चुकीचं बोलणं नाही, आपल्याकडेही हीच रड आहे. शेवटी सगळ्यांना एक पटलं. काही भिंती जपायच्या असतात, कारण माणूस कुठून कुठे गेला हे त्या भिंती सांगतात. पण भिंत जपताना तिच्या विटा विसरायच्या नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, आम्ही आमच्या गटात तीन गोष्टी ठरवल्या. पटल्या तर तुम्हीही करा.

पहिली. आपल्या गावातलं सगळ्यात जुनं पक्कं घर, देऊळ, शाळा, जे असेल ते जवळून पाहायचं. विटा कशा रचल्यात, खिडकीवर कमान आहे की दगड, माती कुठली. आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, हे बांधलं कोणी? गवंडी कोण होता, पाणी कोणी वाहिलं, चुना कोणी मळला? मालकाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. बाकीची नावं माणसं आहेत तोवर लिहून घ्यायची. बाळकुमात आता नवीन बांधकाम पांढऱ्या, हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांचं होतं. जुनी घरं पडताहेत. त्यांच्याबरोबर ही नावंही जातील.

दुसरी. तुमच्या गटातली कोणी भट्टीवर, बांधकामावर किंवा ऊसतोडीला जात असेल, तर तिची स्वतःची वही हवी. बयाणा किती घेतला, तारीख काय, रोज किती विटा, किती पैसे हातात आले. लिहिता येत नसेल तर गटातल्या एखाद्या मुलीने आठवड्याला लिहून द्यायचं. आजींच्या कोळशाच्या रेघा कोणी मानल्या नाहीत. तारखेसह लिहिलेली वही नाकारणं इतकं सोपं नाही. आणि वहीत जोडीतल्या दोघांचंही नाव लिहायचं.

तिसरी. भट्टीवर जाताना मूल शाळेतून काढायचं नाही. गटातल्या कोणाच्या घरी, नातेवाइकांकडे, वसतिगृहात, जिथे जमेल तिथे ठेवायचं, आणि बरोबर न्यावंच लागलं तर तिकडच्या शाळेत घालायचं. कलम २४ पुस्तकात आहे. ते भट्टीवर पोचवायचं काम आपलं.

तो फोटो अजून आमच्या ओटीवर लावलेला आहे. त्याखाली मुलींनी आधी लिहिलं होतं, ‘येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले, १९२१-२२’. आता त्याखाली आणखी एक ओळ आहे, आजींनी सांगितलेली, मुलीच्या अक्षरात: ‘हे घर ज्यांनी बांधलं आणि ज्यांनी याच्या विटा थापल्या, त्या सगळ्यांना बाळकुमच्या बायांचा जयभीम.’

गेल्या महिन्यात आजी सही करायला शिकल्या. पहिली सही त्यांनी बचत गटाच्या पासबुकावर केली. बोटं जाड, नखं चिखलाने कायमची काळवंडलेली, पेन्सिल धरायला त्रास होतो. पण नाव त्यांचं आहे, शेटचं नाही.

काळजी घ्या, आणि घरी गेलात की भिंतीकडे एकदा नीट बघा.